एका गाडीच्या दोन तारखा

शर्यतीच्या जुन्या गाडीचे छोटे मॉडेल पाहणारा आधी विचारतो, ‘गाडी कोणती?’ रोजच्या वापरातल्या गाड्यांना हा प्रश्न पुरतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी बारीकसारीक फरक सोडले तर वर्षानुवर्षे तीच राहिली. शर्यतीच्या गाडीला असे स्थैर्य परवडत नाही. एका रविवारी इंजिन तापले, की पुढच्या शर्यतीआधी नाकावर हवेसाठी नवे भोक पडते. वळणावळणाच्या रस्त्यासाठी सांगाडा आखूड होतो, सरळ रस्त्यासाठी चाके झाकली जातात. 1950 च्या दशकात तर दारावरचा क्रमांकही दर शर्यतीला निराळा असे. तेव्हा संग्राहकाचा खरा प्रश्न ‘ही गाडी कोणत्या दिवशीची?’ हा आहे. त्याला लागूनच दुसरा येतो: ‘हे मॉडेल कोणत्या सालचे?’ या दोन तारखा ठरल्याशिवाय मॉडेलांची तुलना करता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. संग्राहकांत ज्या तुलना चालतात त्यांतल्या पुष्कळशा या दोन तारखांची गल्लत झाल्यामुळेच फसतात.

पुरावा म्हणून मर्सिडीजची डब्ल्यू 196 ही गाडी घेऊ. 1954 आणि 1955 या दोन हंगामांत ती जागतिक अजिंक्यपदाच्या 12 शर्यतींत उतरली, त्यांपैकी 9 जिंकली, आणि दोन्ही वर्षी तिचा चालक हुआन मॅन्युएल फँजिओ विजेता ठरला. तिची पहिली शर्यत 4 जुलै 1954 ची, फ्रान्समधल्या रीम्सची. तिथले रस्ते लांबलचक आणि सरळ, म्हणून गाडीला चारही चाके झाकणारे गुळगुळीत कवच चढवले होते. फँजिओ पहिला आला. दोन आठवड्यांनी सिल्व्हरस्टोनला तेच कवच नडले. वळणाच्या कडेला तेलाची पिंपे मांडली होती आणि चालकाला स्वतःची पुढची चाके दिसत नव्हती. फँजिओची गाडी पिंपांना घासली आणि तो चौथा आला. 1 ऑगस्टला न्यूरबर्गरिंगवर मर्सिडीजने उघड्या चाकांचे शरीर आणले. एका महिन्यात त्याच नावाची गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलली होती. पुढच्या वर्षी सांगाड्याचीही पाळी आली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, मुळात 2350 मिलिमीटर होता. मग 2210 चा सांगाडा आला, आणि मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांसाठी 2150 चा. एका नावाखाली तीन लांबीचे सांगाडे आणि दोन प्रकारची शरीरे. हे सगळे जमेला धरले तर नुसते ‘डब्ल्यू 196 चे मॉडेल’ म्हणण्याला काय अर्थ उरतो?

एकाच सांगाड्यावर दोन्ही शरीरे चढल्याचे उदाहरणही आहे. 00009/54 हा सांगाडा जानेवारी 1955 मध्ये उघड्या चाकांनिशी ब्युनोस आयर्स ग्रँड प्रीला धावला, आणि फँजिओने ती शर्यत जिंकली. सप्टेंबरमध्ये मोंझाला तोच सांगाडा गुळगुळीत कवचात उतरला. त्या वेळी गाडी स्टर्लिंग मॉस चालवत होता आणि शर्यत अर्धवट सोडण्याआधी त्याने त्या दिवसाची सर्वांत वेगवान फेरी मारली. ही गाडी पुढे अनेक दशके अमेरिकेत इंडियानापोलिसच्या संग्रहालयात होती आणि 1 फेब्रुवारी 2025 रोजी स्टुटगार्टला लिलावात 5 कोटी 11 लाख 55 हजार युरोंना विकली गेली. ती विकली गेली मोंझाच्या वेषात. तिचे ब्युनोस आयर्सचे रूप पाहायला आता छायाचित्रे आहेत, नाहीतर मॉडेल.

तारीख ठरवण्याचे काम नुसत्या डोळ्यांवर सोडायची गरज नाही. व्हीलबेसमधला 200 मिलिमीटरचा फरक 1:43 या प्रमाणात साधारण 4.65 मिलिमीटर होतो, 1:18 मध्ये 11 च्या थोडा वर आणि 1:64 मध्ये 3.1. व्हर्नियर कॅलिपरला हे सहज सापडते. अडचण एवढीच, की चाकाचा मध्य नेमका पकडता येत नाही, आणि मागचे टायर पुढच्यांपेक्षा मोठे असल्यामुळे कडेपासून कडेपर्यंत मोजले तर आकडा चुकतो. त्यावर उपाय सोपा आहे. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर घ्यावे, मग मागच्या कडांमधले, आणि दोहोंची सरासरी काढावी. टायरचा व्यास कितीही निराळा असो, सरासरी म्हणजे व्हीलबेसच. 1:43 मॉडेलवर ती 54.7 च्या आसपास आली तर सांगाडा लांब, 50 च्या आसपास आली तर मोनॅकोचा. मधला आणि आखूड यांत मात्र फक्त 1.4 मिलिमीटरचा फरक उरतो. 1:64 मध्ये तो 1 मिलिमीटरच्याही खाली जातो आणि तिथे निर्मात्याची चूक आणि खरा फरक वेगळे करता येत नाहीत. छोट्या प्रमाणाची खरी मर्यादा ही आहे. तपशील कमी दिसतो ही तक्रार नेहमीची, पण काही प्रश्न त्या आकारात विचारताच येत नाहीत, ही त्याहून मोठी.

मग मॉडेल बनवणारे तारखेकडे काणाडोळा का करतात? अज्ञानामुळे क्वचित, बहुतेक वेळा हिशेबामुळे. जस्ताच्या मिश्रधातूचे डायकास्ट मॉडेल ओतायला पोलादी साचा लागतो आणि तो महाग असतो. त्याचा खर्च निघायला त्यातून हजारो नग काढावे लागतात. म्हणून एकच शरीर पाच शर्यतींच्या पाच क्रमांकांनी आणि रंगांनी विकले जाते, त्यातले एखादेच त्या साच्याशी खरोखर जुळते. रेझिनच्या मॉडेलाचे गणित उलटे आहे. त्याचा सिलिकोनचा साचा स्वस्त, पण थोड्याच ओतकामांत झिजतो. तिथे थोडे नग काढणेच भाग असते, आणि त्यामुळे दर शर्यतीला वेगळे शरीर घडवणे परवडते. ‘स्पार्क’सारख्या रेझिनवाल्या कंपन्यांची यादी ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीच्या जुन्या निकालपत्रासारखी भासते ती यामुळे. त्याची किंमतही मोजावी लागते: दारे आणि बॉनेट उघडत नाहीत, आत इंजिन नसते. 1:18 मध्ये जर्मनीच्या ‘सीएमसी’ने हाताने जोडलेल्या हजाराहून अधिक भागांची मॉडेले केली. तिथे इंजिनाच्या नळ्या मोजता येतात, पण दोन-तीन मॉडेलांतच कपाटाचा खण भरतो.

क्रमांक बदलून विकणे दर वेळी लबाडीच असते असे नाही. फोर्ड जीटी40 चा 1075 हा सांगाडा 1968 मध्ये 9 क्रमांकाने ल माँची 24 तासांची शर्यत जिंकला आणि 1969 मध्ये 6 क्रमांकाने पुन्हा जिंकला. पहिल्या वर्षी चालक पेद्रो रॉड्रिगेझ आणि लुसियाँ बियांकी, दुसऱ्या वर्षी जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर. रंग दोन्ही वेळा गल्फ तेल कंपनीचा फिका निळा आणि नारिंगी. इथे एका सांगाड्याची दोन मॉडेले ठेवणे हौसेपेक्षा जास्त काही आहे: दोन्ही शेजारी ठेवली की मधल्या नऊ महिन्यांत काय बदलले याचा तपास करता येतो. नऊच महिने, कारण 1968 ची शर्यत फ्रान्समधल्या मे महिन्याच्या आंदोलनामुळे सप्टेंबरअखेर झाली होती. निर्मात्याने दोन्हींना एकच शरीर दिले असेल तर तेही या शेजारधर्मात उघडे पडते.

आता दुसरी तारीख. इंग्लंडच्या मेकॅनो कंपनीने 1930 च्या दशकात आपल्या ‘हॉर्नबी’ या खेळण्यातल्या रेल्वेला शोभतील अशा छोट्या गाड्या काढल्या. त्याच पुढे ‘डिंकी टॉइज’ म्हणून गाजल्या. 1:43 हे प्रमाण त्या रेल्वेचेच देणे: एका फुटाला 7 मिलिमीटर, म्हणजे 1:43.5. डिंकीने 1950 च्या दशकात मर्सिडीजची शर्यतीची गाडी काढली आणि ती रंगवली पांढरी. खरी डब्ल्यू 196 चंदेरी होती. डिंकीची जॅग्वार डी टाइप फिरोजी आहे, तर खऱ्या डी टाइप कारखान्याच्या संघासाठी गडद हिरव्या आणि ‘एकुरी एकॉस’ या स्कॉटिश संघासाठी निळ्या रंगात धावल्या. आजच्या रेझिन मॉडेलाशेजारी ठेवून या डिंकी ‘चुकीच्या’ म्हणणे सोपे आहे, पण तो निवाडा चुकीच्या कोर्टात चाललेला असतो. जर्मनीचा शर्यतीचा अधिकृत रंग पूर्वी पांढराच होता. शिवाय डिंकी विकली जात होती ती पोराच्या खिशातल्या पैशांना. रीम्सची साक्ष द्यायला ती कुचकामी आहे. 1957 च्या इंग्रज पोराला शर्यतीची गाडी कशी असते असे वाटे, याची साक्ष मात्र तीच देऊ शकते, सीएमसीचे हजार भाग ती देऊ शकत नाहीत.

आपल्याकडे ही दुसरी तारीख जास्त मोलाची आहे, कारण पहिली आपल्या वाट्याला फार थोडी आली. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यती होत, पण तिथे धावलेल्या गाड्यांसाठी कुठल्या परदेशी कंपनीने साचे पाडण्याचे कारण नव्हते. साचे आले ते वापरून झालेले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला पोचले आणि तिथे ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या ओतल्या जाऊ लागल्या. तळावरचे डिंकीचे नाव खरवडून काढलेले, रंगाचा हात जाड. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ब्लो प्लास्टने अमेरिकेच्या मॅटेलशी भागीदारी केली आणि ‘लिओ मॅटेल’च्या नावाने मॅटेलच्या ‘हॉट व्हील्स’ या छोट्या गाड्या भारतात बनू लागल्या. त्यांतल्या अनेकांचे रंग आणि चित्रपट्ट्या अमेरिकी गाड्यांपेक्षा निराळ्या होत्या, आणि त्या निराळेपणासाठीच आज परदेशातले संग्राहक त्यांच्या शोधात असतात. नक्कल म्हणून त्या ओबडधोबड आहेत हे कबूल. पण आयातीवर कडक निर्बंध असताना इथल्या मुलांच्या हातात शर्यतीची गाडी कोणत्या वाटेने आली, याचा त्या धातूत ओतलेला दस्तऐवज आहेत.

हॉट व्हील्सचा विषय निघाला आहे तर एक नेहमीचा गैरसमजही निस्तरू. या गाड्या सरसकट 1:64 समजल्या जातात. प्रत्यक्षात निर्मात्याला गाडी ठरावीक आकाराच्या पुठ्ठ्यावर बसवायची असते, म्हणून लांब गाडी जास्त आक्रसते आणि आखूड गाडी कमी. दोन हॉट व्हील्स शेजारी ठेवून कोणती खरी गाडी मोठी होती हे ठरवू पाहणारा तुलना करतो आहे ती पाकिटांची. इथेही मॉडेलाचा व्हीलबेस मोजून त्याने खऱ्या व्हीलबेसला भागले की त्या मॉडेलाचे स्वतःचे प्रमाण कळते. ते मॉडेलासोबतच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की कॅलिपर लावून गाडी पाहणे म्हणजे हौसेचा जीव घेणे. मॉडेल ‘दिसायला तसे’ असले की झाले. यात तथ्य आहे, कारण मोजमापाने अचूक मॉडेल कधी कधी डोळ्याला चुकीचे वाटते. 1:43 वर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटरचा असला तरी खऱ्या गाडीवर तो 4.3 मिलिमीटरचा झाला असता, आणि तारांच्या चाकातली तार प्रमाणात घडवली तर दिसणारही नाही. निर्मात्याला कुठे जाडी वाढवावी, कुठे खोली कमी करावी लागते. वसईजवळच्या नायगावच्या शेजारचे जूचंद्र हे रांगोळी कलावंतांचे गाव म्हणून ओळखले जाते. छायाचित्रावरून माणसाचा चेहरा रांगोळीत उतरवताना तिथल्या कलाकारालाही डोळ्याला पटेल अशी निवड करावी लागते, आणि मॉडेल घडवणाऱ्याचे कौशल्य त्याच जातीचे आहे. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. डोळ्याला पटण्यासाठी केलेली अतिशयोक्ती आणि चुकीच्या दिवसाचे नाक बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कला आहे, दुसरी हलगर्जी.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: तारीख ठरवायची ती कशावरून? काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात लाल आणि गडद हिरवा जवळपास सारखेच उतरतात. जुन्या रंगीत फिल्मचे रंग उडतात. संग्रहालयातली गाडी पाहावी तर ती पाच वेळा रंगवलेली आणि दुसऱ्याच इंजिनावर चालणारी असते. काही गाड्या तर उरल्याच नाहीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या, जर्मन ऑटो युनियनच्या बऱ्याच गाड्या 1945 नंतर सोव्हिएत रशियात गेल्या आणि नाहीशा झाल्या. आज सोहळ्यांत धावतात त्यांतल्या काही नंतर नव्याने घडवलेल्या आहेत. म्हणजे ‘अस्सल’ गाडीशी केलेली तुलनासुद्धा दुसऱ्या एका मॉडेलाशीच, फक्त पूर्ण आकाराच्या, केलेली तुलना ठरू शकते. यातून तारीख सोडून द्यावी असे निघत नाही. उलट, पुरावा एकाच ठिकाणचा नको आणि त्याच दिवसाचा हवा, असे निघते: शर्यतीची प्रवेशयादी, त्या दिवशीचे दोन बाजूंचे फोटो, जमल्यास चित्रफीत. दोन पुरावे भांडत असतील तर चिठ्ठीवर रंगापुढे प्रश्नचिन्ह टाकावे. सिगारेटच्या जाहिरातींचे उदाहरण इथे बोलके आहे. 1970 आणि 80 च्या दशकांतल्या कित्येक गाड्यांची सगळी रंगसंगतीच तंबाखू कंपन्यांची होती, पण पुढे कायद्यांमुळे निर्मात्यांनी मॉडेलांवरची ती नावे गाळली. नाव गाळलेले मॉडेल गाडीच्या तारखेशी खोटे आहे आणि स्वतःच्या तारखेशी प्रामाणिक. मागाहून स्टिकर चिकटवायचे ते जरूर चिकटवावे, पण मॉडेल मुळात तसे नव्हते हे खोक्यावर लिहून.

तारखेचा आणखी एक शत्रू म्हणजे हवा. उदाहरण म्हणून नायगावच घ्या: भाईंदर आणि वसई रोड यांच्या मधले स्टेशन. एका अंगाला खाडी, आसपास मिठागरे, आणि पूर्वेला गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले मनोरे. अशा दमट, खारट हवेत संग्रह ठेवणाऱ्याने धातूचा स्वभाव समजून घ्यायला हवा. जुन्या डायकास्टच्या जस्तात शिशाचा किंचित अंश गेला असेल तर ओलाव्याने धातूच्या कणांच्या सीमेवर गंज धरतो. धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. युद्धापूर्वीच्या बऱ्याच डिंकी याच रोगाने गेल्या. खरे तर 1929 मध्येच अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्ताचे मिश्रधातू आणले तेव्हा यावर तोड निघाली, पण कारखान्याने भेसळ केली तर रोग आजही होतो, आणि एकदा लागला की औषध नाही. मोजमापाच्या दृष्टीने यातली मेख अशी, की फुगलेले मॉडेल कॅलिपरला खोटे सांगते. शिसे असलेल्या पांढऱ्या धातूच्या किटचा शत्रू निराळा: लाकूड, प्लायवुड आणि एमडीएफमधून निघणारी आम्लांची वाफ. बंद कपाटात तिच्यामुळे शिशावर पांढरी भुकटी चढते. नव्या फ्लॅटमध्ये सुतार आवडीने करून देतो ते प्लायवुडचे बंदिस्त शोकेस या मॉडेलांना सर्वांत वाईट. काच आणि रंगवलेला धातू बरा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या पावसाळ्यात बदलत राहायच्या, आणि पश्चिमेच्या खिडकीचे ऊन थेट पडू द्यायचे नाही. मॉडेल स्वतःच्या तळावर उभे करण्यापूर्वी टायर कशाला टेकतात तेही पाहावे. मऊ प्लास्टिकचे टायर कालांतराने खालच्या प्लास्टिकला चिकटून त्यात रुततात.

राहिला पैशाचा आक्षेप. एवढी अचूकता सामान्य संग्राहकाला परवडते का? जकातीच्या 9503 या शीर्षकात खेळण्यांबरोबरच लहान प्रमाणातली मॉडेलेही येतात, आणि खेळण्यांवरची आयातजकात 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर, 2023 मध्ये 70 टक्क्यांवर नेली गेली. परदेशातून मॉडेल मागवणे त्यामुळे महाग झाले आहे यात शंका नाही. पण तारखांचा आग्रह खर्च वाढवतो असे जे समजले जाते ते मला पटत नाही. नामांकित गाड्यांची यादी पुरी करू पाहणारा पन्नास मॉडेले घेतो आणि त्यांतली कुठलीच दुसरीशी बोलत नाही. एका गाडीच्या चार तारखा, एकाच प्रमाणात, घेणाऱ्याला चार पुरतात. सुरुवात करणाऱ्याने आपल्या ओळखीची तारीख घ्यावी: 27 ऑक्टोबर 2013, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, सेबास्टियन फेटेल, रेड बुल आरबी9. त्या दिवशी त्याने भारतातली तिसरी आणि शेवटची फॉर्म्युला वन शर्यत जिंकून सलग चौथे अजिंक्यपद मिळवले, आणि सगळ्यांसमोर गाडी गोल गोल फिरवून संघाला 25 हजार युरोंचा दंडही करून घेतला. या शर्यतीचे चित्रण आणि फोटो मुबलक आहेत. मॉडेल पडताळायला याहून सोयीचा दिवस भारतीय संग्राहकाला मिळणार नाही.

जाता जाता एक विनंती. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत माळ्यावर, जुन्या डब्यात लिओ मॅटेलच्या गाड्या पडून असतील. त्या विकायला काढण्यापूर्वी किंवा भाच्याला खेळायला देण्यापूर्वी तळाचा, दोन्ही बाजूंचा आणि पुठ्ठा शाबूत असेल तर त्याच्या पाठीचा फोटो काढा. घरात कोणत्या साली आली हे आठवत असेल तर तेही लिहून ठेवा. रंग उडालेला असला तरी पुन्हा रंगवू नका.